मराठी विनोद बघायला शिकताना: मालिका, स्किट आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ

दादाचं लग्न झालं आणि वहिनी लखनऊहून पुण्याला आमच्या घरी आली. सहा महिन्यांत ती भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकी मराठी शिकली. पण रात्री जेवणानंतर टीव्हीसमोर आम्ही सगळे पोट धरून हसत असलो की ती आमच्या तोंडाकडे बघत बसायची. एकदा मला म्हणाली, "शब्द सगळे कळले गं, पण हसू नाही आलं." त्या वाक्यानं मला फार वाईट वाटलं. एकाच खोलीत बसून एक माणूस हसण्याबाहेर राहतो, यासारखं परकेपण नाही. मग दर रविवारी दुपारी मी आणि ती मिळून मराठी मालिका, स्किट आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ ठरवून बघू लागलो. त्या वर्षभरात जे जमलं आणि जे फसलं, त्यातून हा क्रम तयार झाला आहे. तुम्ही दुसऱ्या राज्यातून इकडे आला असाल, इंदूर-बडोद्याच्या मराठी घरात वाढला असाल, किंवा परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांना हे सगळं दाखवायचं असेल, तर याच क्रमानं जा.

पहिली पायरी: रीलपासून सुरुवात करू नका

नवखा माणूस नेमकी हीच चूक करतो, कारण मोबाइल उघडला की समोर रीलच येते. तीस सेकंदांत कुणीतरी एक वाक्य म्हणतं, मागे हशा पिकतो आणि आपण कोरेच्या कोरे. दोष आपला नसतो. स्किट दहा-पंधरा मिनिटांचं असतं. पहिल्या पाच मिनिटांत पात्राची सवय कळते, मग ती सवय दोनदा-तीनदा परत येते आणि चौथ्यांदा येते तेव्हा माणसं खुर्चीवरून पडायची बाकी राहतात. रील कापणारा फक्त ती चौथी वेळ उचलतो. पायाच नाही तर कळसाचं काय कौतुक?

म्हणून पहिला महिनाभर नियम एकच: जे बघायचं ते पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत. मध्येच कंटाळा आला तर बंद करा, पण पुढे ढकलत ढकलत बघू नका.

दुसरी पायरी: एका घरात जाऊन बसा

माझं मत विचाराल तर मराठी विनोदाचं दार 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेतून उघडतं. २००१ मध्ये ती अल्फा टीव्ही मराठीवर सुरू झाली. ही वाहिनी म्हणजेच आजचं झी मराठी. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या सदरावरून ती केली होती आणि दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. घरात आजोबा, म्हणजे आबा. मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शिऱ्या आणि शलाका. एवढीच माणसं. कट नाही, कारस्थान नाही, कुणाला कुणाच्या इस्टेटीवर डोळा नाही. घरात एखादी नवी वस्तू येते, नातवाचं काहीतरी बिनसतं, सुनेच्या मनात एखादी गोष्ट सलते, आणि आबा ते सगळं आपल्या डायरीत टिपून ठेवतात.

नवख्यासाठी हीच का? तर तीन पिढ्यांची मराठी एका छताखाली ऐकायला मिळते. आबांची जुन्या वळणाची, शेखर-श्यामलाची नोकरदार माणसांची, नातवंडांची कॉलेजातली. कान तयार होतो. आणि विनोद शब्दांच्या कोटीवर कमी, स्वभावावर जास्त असल्यामुळे थोडं कळलं नाही तरी माणूस कळतो. वहिनी तिसऱ्या भागात पहिल्यांदा आमच्याबरोबर हसली, तेही आबा काहीच न बोलता नुसते बघतात अशा एका क्षणाला. प्रभावळकर तेव्हा साठीच्या आत होते. आबांचं म्हातारपण त्यांनी मानेच्या आणि हातांच्या हालचालीतून उभं केलंय. तिकडे लक्ष ठेवून बघा. याच माणसानं १९७० च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचा चिमणराव केला होता, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आमच्या आईच्या पिढीला आजही त्यांची नावं आधी चिमणराव-गुंड्याभाऊ म्हणूनच आठवतात.

टिपरे झी फाइव्हवर शोधा. रोज एकच भाग बघा. ही मालिका आठवड्यातून एकदा यायची, तशीच सावकाश ती मुरते. एका बैठकीत दहा भाग संपवले तर घर ओळखीचं होत नाही.

तुम्ही पंचविशीच्या आतले असाल आणि आजोबांच्या गोष्टीत मन रमत नसेल तर 'दिल दोस्ती दुनियादारी' घ्या. झी मराठीवर २०१५ मध्ये आली. मुंबईत एका फ्लॅटमध्ये एकत्र राहणारी सहा तरुण मुलंमुली, आणि त्या फ्लॅटचं नाव 'माजघर'. अमेय वाघ, सुव्रत जोशी, पुष्कराज चिरपुटकर, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर, पूजा ठोंबरे. बोलणं भरभर आहे, पण आजचं आहे. माझ्या मनात मात्र टिपरेच वरचढ.

तिसरी पायरी: स्टेजवरचं स्किट

घर ओळखीचं झालं की स्टेजकडे वळा. आज सगळ्यांच्या तोंडी असलेला कार्यक्रम म्हणजे सोनी मराठीवरची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. ही वाहिनी २०१८ मध्ये सुरू झाली आणि हास्यजत्राही त्याच वर्षीची. मागे सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे ही जोडी, समोर सोफ्यावर प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर, सूत्रसंचालन प्राजक्ता माळीचं. सोनी लिव्हवर पूर्ण भाग आहेत आणि वाहिनीच्या यूट्यूब चॅनलवर सुटी स्किट.

इथे बघण्याची रीत थोडी वेगळी ठेवा. एका रविवारी एकाच कलाकाराची तीन स्किट लागोपाठ बघा. समीर चौघुले घ्या. पहिल्या स्किटमध्ये ते नुसते विचित्र वाटतील, दुसऱ्यात त्यांची लय लक्षात येईल, तिसऱ्यात वाक्य पूर्ण होण्याआधीच तुम्हाला हसू फुटेल. पुढच्या रविवारी नम्रता संभेराव. तिचं लॉली हे पात्र बघितल्यावर वहिनीनं मला ते स्किट दोनदा लावायला लावलं. आवाज कुठे चढवायचा, कुठे गिळायचा, याचं नम्रताचं भान विलक्षण आहे आणि मला ती या पिढीतली सर्वांत मोठी विनोदी अभिनेत्री वाटते. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांची जुनी एकत्र स्किटही शोधून बघा. समोरच्याला हशा मिळावा म्हणून आपण एक पाऊल मागे कसं यायचं, ते त्या जोडीकडून दिसतं.

'चला हवा येऊ द्या' हा झी मराठीवरचा कार्यक्रम २०१४ चा. निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे, भारत गणेशपुरे अशी फळी. इथे विडंबन फार आहे आणि मूळ सिनेमा पाहिला नसेल तर निम्मा विनोद डोक्यावरून जातो. तेव्हा आधी जो मराठी सिनेमा तुम्ही पाहिला असेल त्याचाच भाग निवडा. 'सैराट' बहुतेकांनी पाहिलेला असतो, तिथून सुरू करायला हरकत नाही.

या कार्यक्रमातली एक गोष्ट नवख्यांनी चुकवू नये: सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचतात तो भाग. पत्रं अरविंद जगताप यांची. तासभर हसून झाल्यावर स्टेजवर शांतता होते, एक पोस्टमन पिशवीतून पत्र काढतो, आणि शेतकऱ्याचं, म्हाताऱ्या आईचं, दूर राहणाऱ्या मुलाचं काहीतरी वाचून दाखवतो. हसणाऱ्या माणसाला मध्येच थांबवून रडवायचं आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटू नये, हे मराठी प्रेक्षकाचं वळण आहे. वहिनी विचारत होती की हे विनोदी कार्यक्रमात कशाला. आई पदरानं डोळे पुसत होती, तिनं उत्तर दिलं नाही. वहिनीनंही पुन्हा विचारलं नाही.

चौथी पायरी: यूट्यूबवरची शहरी मराठी

यूट्यूबवर मी पहिलं नाव घेईन ते भाडिपाचं, म्हणजे भारतीय डिजिटल पार्टीचं. सारंग साठे, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी २०१६ मध्ये ते सुरू केलं. सुरुवातीचा गाजलेला कार्यक्रम अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांच्या खोट्या-खोट्या मुलाखतींचा. पण तो नवख्यानं मागे ठेवावा, कारण समोरचा पाहुणा कोण आणि त्याची चेष्टा कशावरून, हे माहीत असावं लागतं. आधी बघा आई आणि मुलाचे व्हिडिओ, रेणुका दफ्तरदार आणि आलोक राजवाडे यांचे.

'शास्त्र असतं ते' हे वाक्य तुमच्या कानावर आलंच असेल. वहिनीनं मला सरळ विचारलं, "कौनसा शास्त्र?" मी व्हिडिओ थांबवला आणि सांगत बसले: कुठल्याच शास्त्राचं नाव नाही गं. आईला एखादी गोष्ट करायचीच आहे, कारण सांगता येत नाही आणि वादही नको आहे, तेव्हा हे वाक्य येतं. त्यावर उलट प्रश्न विचारायचा नसतो. तिनं मान डोलावली, पण चेहऱ्यावर काही हललं नाही. चार दिवसांनी संक्रांत होती. आईनं हातात तिळगूळ देताना वहिनीला हळदीकुंकवाच्या ताटात काहीतरी अमुकच बाजूला ठेवायला सांगितलं. वहिनी म्हणाली, "का पण, आई?" आई म्हणाली, "शास्त्र असतं ते." वहिनीनं माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. म्हणून माझा आग्रह आहे, व्हिडिओ बघून झाला की तो घरात, सोसायटीत, बसमध्ये ऐकायला कान उघडे ठेवा. विनोद तिथे पोचला की मग तो तुमचा झाला.

पाचवी पायरी: बोली

इथे थोडा वेळ काढा, कारण मराठी विनोदाची खरी चव इथे आहे. टीव्हीवर बातम्या देणारी मराठी एक आणि माणसं भांडताना, लाडात येताना, थापा मारताना बोलतात त्या मराठी अनेक.

मी वहिनीला एकच किल्ली दिली होती: 'मला' हा शब्द पकड. 'माका' ऐकू आलं की मालवणी, 'मना' आलं की आगरी, 'मले' आलं की वऱ्हाडी. खान्देशातल्या अहिराणीत 'माले' आणि तिथे 'मना' म्हणजे माझा, तेव्हा त्या दोघींत गल्लत होते. आजूबाजूचे शब्द ऐकावे लागतात. वऱ्हाडी माणूस 'का' विचारताना 'काऊन' म्हणतो. मालवणी माणूस 'कुठे' म्हणत नाही, 'खंय' म्हणतो. कोल्हापूरकडची बाई 'मी आलो, मी गेलो' असं बोलते आणि ते तिथलं सरळ साधं बोलणं आहे, चूक नव्हे.

आईचं माहेर कुडाळकडचं. ती मावशीशी फोनवर मालवणी बोलते. एकदा वहिनी फार गंभीर होऊन मला म्हणाली, "आई कितनी धार्मिक हैं, फोनवर सारखं संत तुकारामांचं नाव घेतात." आई मावशीला म्हणत होती, "तुका काय सांगू!" वहिनीनं 'तुका म्हणे' ऐकलेलं होतं, तिनं तो धागा जोडला. तुका म्हणजे तुला, हे कळल्यावर ती स्वतःच आईला जाऊन सांगून आली आणि आईनं लगेच मावशीला फोन लावला. आता मावशी फोन उचलल्यावर आधी "तुका म्हणे" म्हणते, मग बाकीचं.

मालवणीसाठी 'गाव गाता गजाली' ही झी मराठीवरची २०१७ ची मालिका बघा. गजाली म्हणजे पारावरच्या गप्पा. त्याआधीची 'रात्रीस खेळ चाले' (२०१६) ही भुताखेतांची मालिका, पण तिच्यातला पांडू आणि त्याचं 'इसारलंय' हे सगळ्या महाराष्ट्रानं उचललं. विसरलो म्हणायच्या जागी त्या पात्राचा चेहरा आणि तो एक शब्द. आगरीसाठी यूट्यूबवर विनायक माळीचे व्हिडिओ आहेत. त्याचं दादूस हे पात्र बघितलं की पनवेल-उरण पट्ट्यातली लग्नं, पैसा, मानपान, सगळं समोर येतं. वऱ्हाडीचा ठसका ऐकायचा तर भारत गणेशपुरे. सातारकडचं गाव बघायचं असेल तर 'कोरी पाटी' या निर्मिती संस्थेची 'गावाकडच्या गोष्टी' ही वेब मालिका. तिचा वेग संथ आहे आणि मला तो संथपणाच आवडतो: बांधावर दोन माणसं बसली आहेत, लगेच काही होत नाही, आणि मग एक जण असं काही बोलून जातो की पुढचं वाक्य हशात बुडतं. बारामतीकडची 'चांडाळ चौकडीच्या करामती' त्याहून जास्त हसवते आणि गावातल्या माणसाचे हेवेदावे नेमके पकडते.

गावाचं किंवा वस्तीचं नाव कानावर पडलं की व्हिडिओ थांबवून नकाशात बघा. हास्यजत्रेतून पुढे आलेले गौरव मोरे स्वतःची ओळख फिल्टरपाड्याशी जोडतात. फिल्टरपाडा हा पवईतला भाग. त्या डोंगरउतारावरची घरं आणि शेजारचे उंच टॉवर एकदा लक्षात आले की ते नाव घेतल्यावर मुंबईकर टाळ्या का वाजवतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

सहावी पायरी: मोबाइलची तयारी

ही पायरी लहान आहे. बोली भरभर वाटली तर व्हिडिओचा वेग ०.७५ करा, आवाज थोडा ओढल्यासारखा होतो, पण शब्द सुटतात. दुसऱ्यांदा बघताना परत नेहमीच्या वेगानं, कारण विनोद लयीत असतो. आपोआप येणारी मराठी सबटायटलं बोलीत फार चुकतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. घरातल्या माणसाला विचारा. नको असलेले व्हिडिओ येत राहिले तर व्हिडिओशेजारच्या तीन ठिपक्यांवर दाबून त्यात रस नसल्याचं नोंदवा. आठ-दहा वेळा केलं की समोर येणारा माल बदलतो. आणि ज्याचा व्हिडिओ त्याच्याच चॅनलवर बघा. दुसऱ्यानं कापून, आपलं नाव चिकटवून टाकलेल्या प्रतीतून मूळ कलाकाराला काही मिळत नाही. गावात राहून स्वतःच्या पैशानं चित्रीकरण करणाऱ्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

सातवी पायरी: कशावर हसायचं नाही, तेही ठरवा

हे मी मनापासून सांगते. विनोदाच्या नावाखाली फॉरवर्ड होणाऱ्या कितीतरी व्हिडिओत कुणीतरी म्हातारं माणूस पडतं, दारू प्यायलेल्याला कुणी चिडवतं, शाळेतलं पोर उत्तर चुकतं आणि रडतं. त्या माणसानं कॅमेऱ्याला परवानगी दिलेली नसते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर असाच एक व्हिडिओ आला, गेटवरच्या वॉचमनची बोली आणि त्याची चुकलेली वाक्यं. सगळे हसण्याचे इमोजी टाकत होते. वहिनी त्या दिवशी गप्प होती. रात्री म्हणाली, "मी पण चुकीचं मराठी बोलते ना." मी ग्रुपवर लिहिलं की व्हिडिओ काढून टाका, आणि टाकणाऱ्यानं तो काढला. तेव्हापासून माझी कसोटी सोपी आहे: ज्याच्यावर हसतोय तो माणूस याच खोलीत बसला असता तर तोही हसला असता का?

स्टेजवरच्या विनोदातही जाडेपणा, काळा रंग आणि साडी नेसलेला पुरुष यांवर फार भिस्त ठेवलेली असते. वहिनीला मी ते तसंच सांगितलं. अशी स्किट आली की आम्ही पुढे जातो, बघण्यासारखं दुसरं भरपूर आहे.

आठवी पायरी: स्वतःचं मत तयार करा आणि दुसऱ्याला सुचवा

दीड-दोन महिन्यांनी एक वही घाला. कार्यक्रमाचं नाव, कोणत्या वाक्याला हसू आलं, आणि का. 'छान होतं' असं लिहायचं नाही, नेमकं लिहायचं. वहिनीच्या वहीत टिपरेंबद्दल एका ओळीत लिहिलंय: 'आबा कुणाला सल्ला देत नाहीत, म्हणून सगळे त्यांच्याकडे येतात.' मी ती मालिका लहानपणापासून पाहत आले आणि मला हे कधी दिसलं नव्हतं. बाहेरून आलेल्या डोळ्याला दिसतं ते आत वाढलेल्याला दिसत नाही, म्हणून नवखे आहात तोवरच वही लिहा. तुमचं मत घरच्यांपेक्षा वेगळं पडलं तर तसंच राहू द्या. दादाला टिपरे संथ वाटते, त्यावरून दोघांची दर पंधरा दिवसांनी झकाझकी होते.

आणि कुणाला काही सुचवायचं असेल तर नुसती लिंक ढकलून मोकळे होऊ नका. कुणासाठी, कुठून बघायचं आणि आधी काय माहीत हवं, एवढं दोन ओळींत लिहा. मागच्या आठवड्यात वहिनीनं लखनऊच्या तिच्या धाकट्या बहिणीला, पुण्यात नोकरीला यायच्या आधी, एक व्हिडिओ पाठवला. सोबतचा निरोप तिनं मला मराठीत करून दाखवला: "बारा मिनिटांचा आहे, पहिल्यापासून बघ. ती आई जे म्हणते त्याचा अर्थ शोधत बसू नको, इथे आलीस की आमच्या आईच म्हणतील. 'माका' म्हणजे मला. बाकी रविवारी मी सांगते, दुपारी ये, जेवायलाच ये."